एका ताग्यातली तीन जाकिटं

"टोपी काढा मामा."

"आत गेल्यावर काढतो की."

"आत गेल्यावर न्हाई, हितंच काढा. गाडीत ठेवा."

हॉटेलच्या पार्किंगमध्ये गाडीचं दार धरून मी उभा होतो. धोंडीमामा एक पाय बाहेर टाकून, पांढऱ्या टोपीवर हात ठेवून बसले होते. एकतीस मार्चची दुपार, डोक्यावर रणरणतं ऊन, आणि साडेबाराला पाच मिनिटं कमी. माझं डोकं आधीच तापलं होतं.

मागच्या सीटवरून नजीर म्हणाला, "ऱ्हाऊ दे की रं सर्जेराव. टोपीनं काय हॉटेल पडणार हाय?"

"तू गप. ड्रेस कोड म्हंजे ड्रेस कोड. तिघं सारखं दिसाय पायजेत."

मामांनी टोपी काढली. नीट घडी घातली. गाडीत ठेवायला सांगितलं होतं, पण त्यांनी ती जाकिटाच्या आतल्या खिशात सरकवली. मी बघितलं आणि सोडून दिलं. तेवढं तरी म्हाताऱ्याचं ऐकावं म्हटलं.

मी तेव्हा शिरोलीच्या एका फौंड्रीत फोरमन होतो. नजीर मुल्लाणी मोल्डिंगला, आणि धोंडीराम सुतार पॅटर्न शॉपला. ओतकाम करायचं तर आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना लागतो, तो पॅटर्न. वाळूत त्याचा साचा उठवायचा आणि त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. पॅटर्न चुकला की पुढचं सगळं चुकलं. आणि मामांचा पॅटर्न एकतीस वर्षांत चुकला नव्हता. मला उमेदवारीत मोजपट्टी धरायला त्यांनीच शिकवलं, तेही डोक्यात टपल्या मारून.

तीन वर्षांपूर्वी एका जर्मन कंपनीचं पंपाचं काम आमच्याकडं आलं. ड्रॉइंग त्यांचं, पॅटर्न ड्रॉइंगबरहुकूम, आणि तरीबी माल कोपऱ्यात तडकायचा. दहातले चार नग भंगारात. तिकडून हॉफमन नावाचा साहेब बघायला आला. आम्ही सगळे वाळूला नाहीतर भट्टीला दोष देत होतो. मामांनी कातड्याची बारीक पट्टी घेतली, पॅटर्नच्या आतल्या कोपऱ्यात सरसानं चिकटवली आणि अंगठ्यानं तिला गोलाई दिली. म्हणाले, "कोपरा लई टोकदार हाय. लोखंडाला वळाय जागा द्या, ते तडकत न्हाई." हॉफमन साहेब तासभर त्यांच्या बाकाशेजारी उभा राहिला होता. त्यानंतर माल तडकायचा थांबला.

पण कागदावर काय आलं? 'प्रोसेस इम्प्रूव्हमेंट.' खाली आमच्या जनरल मॅनेजरची, कारखानीस साहेबांची सही. ते पुण्याच्या ऑफिसात बसायचे आणि महिन्यातून एकदा शॉपवर चक्कर मारायचे. मामांचं नाव कुठंच नव्हतं. मला त्याचा तीन वर्षं राग होता.

म्हणून मार्चमध्ये बातमी आली तेव्हा मी उड्याच मारल्या. हॉफमन साहेब परत येणार होता. कंपनीनं त्याच्यासाठी हायवेवरच्या नव्या हॉटेलात दुपारचं जेवण ठेवलं होतं, आणि त्यानं मुद्दाम कळवलं होतं की तो पॅटर्न दुरुस्त करणाऱ्या माणसाला मला भेटायचंय. तारीख एकतीस मार्च. मामांच्या नोकरीचा शेवटचा दिवसही तोच.

मी पॅटर्न शॉपमध्ये जाऊन सांगितलं, "मामा, साहेबाच्या हातनं सत्कार हाय तुमचा. समद्यांसमोर."

मामा रंधा मारत होते. थांबले. "माझा?"

"मग काय माझा?"

"नाव घेतील व्हय?"

"घ्यायलाच लागंल. मी हाय की."

मामा हसले नाहीत, पण त्या दिवशी डबा खाताना त्यांनी हे तिघाचौघांना सांगितलं, ते मला कळलं. एकतीस वर्षांत त्यांनी स्वतःबद्दल कुणाला काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

एवढं सगळं ठीक होतं. घोळ घातला त्या आमंत्रणातल्या शेवटच्या ओळीनं. 'ड्रेस कोड: स्मार्ट कॅज्युअल.'

मी एचआरच्या केतकी मॅडमकडं गेलो. पुण्याची पोरगी, हुशार, बोलायला गोड. "मॅडम, हे काय असतंय?"

"काही नाही हो चौगुले सर. फार फॉर्मल नको, आणि अगदी घरातलंही नको."

"म्हणजे टाय नको?"

"नको नको."

"मग टी-शर्ट?"

"कॉलर असेल तर चालेल."

"जीन?"

"गडद असेल, फाटकी नसेल, तर हो."

"कोट?"

"कोट नको. म्हणजे, घातला तरी चालेल. टायशिवाय."

"मॅडम, एक काय ते सांगा की!"

ती हसली. "सर, ज्याला जे शोभतं ते, नीटनेटकं. एवढंच."

आता हे काय उत्तर झालं? आमच्या धंद्यात ड्रॉइंगवर माप असतं, मापाशेजारी चूक किती चालेल तेही लिहिलेलं असतं. 'शोभेल ते करा' असं ड्रॉइंग कुणी मला दिलं असतं तर मी देणाऱ्याच्या अंगावर फेकलं असतं. संतापून घरी आलो आणि बायकोला विचारलं.

संगीता भाकरी थापत होती. म्हणाली, "त्यात काय एवढं? ड्रेस कोड म्हंजे समद्यांनी सारखं घालायचं. आमच्या मंडळात न्हाई का, हळदीकुंकवाला मोरपंखी म्हटलं की समद्या मोरपंखी."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! बरोबरच की. आमच्या तालमीत गणपतीला दरवर्षी तेच चालतं. एक तागा आणायचा, पंचवीस कुर्ते शिवायचे, मिरवणुकीत लांबनं कळायला पाहिजे पोरं कुठल्या तालमीची. कोल्हापुरात कुणालाही विचारा, ड्रेस कोड म्हणजे हेच. केतकी मॅडमला तेवढंच सांगता आलं नाही म्हणून मी मनातल्या मनात शिकलेल्या लोकांना शिव्या घातल्या.

मग मी, नजीर आणि मामा कापड बघायला गेलो. दुकानदारानं गर्द हिरव्या कापडाचा तागा खाडकन उलगडला. "जाकिटाला हेच घ्या. आत क्रीम शर्ट, काळी पँट. एकदम मोठ्या लोकांतलं. गेल्या साली एका बड्या पार्टीनं यातलंच साठ जणांचं नेलंय माझ्याकडनं."

"बघ!" मी नजीरला म्हणालो. "साठ जणांचं. उगच न्हेतील व्हय?"

मामा कापड बोटांत चुरून बघत होते. "सर्जा, माझा पांढरा शर्ट आणि इजार हाय की. पोरीच्या लग्नात शिवल्याली. परीटघडीची. तीच घालतो."

"मामा, तुमच्या इजारीत तुम्ही वेगळं दिसणार."

"म्या वेगळा दिसलो तर काय हुतंय?"

"हुतंय. आणि हे बघा, टोपी पण नको."

मामांचा हात टोपीकडं गेला. नजीर म्हणाला, "मामांची टोपी म्हंजे शॉपचं निशाण हाय. ती हलली की कळतंय मामा कुठं हायत."

"शॉपमध्ये निशाण असू दे. हॉटेलात नको."

पाच दिवसांत तीन जाकिटं शिवून घेतली. मामांनी पँटही शिवली. शिंप्याकडं माप देताना ते असे उभे होते, जणू रक्त काढून घ्यायला आलेत. मला हसू आलं होतं. आज नाही येत.

तर आम्ही तिघं पार्किंगमधून निघालो. हॉटेलच्या दारात पोचायच्या आधीच मी मामांना बजावलं, "आत गेलं की साहेबलोकांच्या गप्पांत घुसायचं न्हाई. कारखानीस साहेब तुमचं नाव पुकारतील, मगच फुडं व्हायचं. तवर गप उभं ऱ्हायचं."

"बरं."

दारातल्या वॉचमननं आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "मागच्या दारानं जावा की. हितनं पाहुणे येतात."

"आम्ही पाहुणेच हाय!"

तो गोंधळला आणि त्यानं आम्हाला सोडलं. मला वाटलं, येडं दिसतंय. आत हॉलमध्ये शिरलो आणि समोर बघितलं.

गर्द हिरवं जाकीट, क्रीम शर्ट, काळी पँट. एक पोरगा ट्रे घेऊन चालला होता. दुसरा ग्लास पुसत होता. तिसरा, चौथा, पाचवा. सगळ्या हॉलभर आमचंच कापड फिरत होतं. ती साठ जणांची बडी पार्टी म्हणजे हेच हॉटेल.

नजीर पोट धरून हसायला लागला. "या अल्ला! सर्जेराव, आपण तर नोकरीला लागलो की रं!"

"हसू नकोस भाड्या!"

"हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. चल आता, कुणीतरी ट्रे द्यायच्या आत जेवून घेऊ."

बाकीचे आमचे ऑफिसवाले बघितले तर प्रत्येकाचा अवतार वेगळा. एकानं निळा शर्ट, एकानं कॉलरचा टी-शर्ट, अकाउंट्सच्या मॅडम सुती साडीत, एकजण तर चक्क खादीच्या कुडत्यात. ज्याला जे शोभतं ते, नीटनेटकं. कुणी कुणासारखं नव्हतं. माझ्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या. जाकीट काढावं तर आत घामानं भिजलेला शर्ट. घरी जावं तर मामांचा सत्कार.

मामांना मी खांबाजवळ उभं केलं. टोपीविना ते मला ओळखू येत नव्हते. कपाळाच्या मधोमध टोपीच्या कडेची रेघ होती, खाली रापलेलं, वर पांढरंफटक. ते सारखा डोक्यावर हात नेत आणि टोपी नाही हे आठवलं की खाली घेत.

मी कारखानीस साहेबांना गाठायला निघालो. मामा आलेत, एवढंच त्यांच्या कानावर घालायचं होतं. ते फोनवर बोलत होते. मी जवळ गेलो, खाकरलो, "सर," म्हटलं. त्यांनी माझ्याकडं न बघता, फोन कानाला तसाच धरून, दोन बोटं वर केली. "दोन फ्रेश लाइम. एक स्वीट, एक सॉल्टेड."

माझाच साहेब! ज्याला मी अकरा वर्षं दर महिन्याला शॉप फिरवून दाखवत होतो!

मी तोंड उघडलं. तेवढ्यात ते पाठ वळवून चालते झाले. कुठं काढायचा हा राग? वळून बघतो तर मामा खांबाजवळ नाहीत. ते हातात पाण्याचा ग्लास घेऊन चालले होते. हॉलच्या मधोमध तो उंच, लालबुंद हॉफमन साहेब दोघातिघांशी बोलत उभा होता, आणि मामांनी त्याच्यापुढं ग्लास धरला. त्यानं तो घेतला, "थँक यू," म्हणाला आणि बोलणं चालू ठेवलं. मामा तिथंच क्षणभर थांबले. मग परत आले.

मी धावत गेलो. "हे काय करालाय मामा?"

"पाणी मागितलं त्यांनी."

"तुम्ही काय वेटर हाय?"

"आरं, पाव्हण्यानं पाणी मागितलं तर न्हाई म्हणू व्हय? तसं कुणी करतंय का?"

आता मात्र माझा तोल गेला. मामांवर ओरडणं शक्य नव्हतं, साहेबावर तर त्याहून नाही. मी तरातरा बाहेरच्या पॅसेजमध्ये गेलो, हॉटेलच्या मॅनेजरला बोलावून घेतलं आणि त्याच्यावर सगळं काढलं. तुमच्या वॉचमनला अक्कल नाही, पाहुण्यांना मागच्या दारानं जा म्हणतो, आधी तुमच्या पोरांची जाकिटं काढायला लावा. तो बिचारा हात जोडून म्हणत होता, "सर, आमचा युनिफॉर्म वर्षभर हाच आहे. तुम्ही तुमचं काढलंत तर..." म्हणजे मीच काढायचं! आणखी दहा मिनिटं मी त्याला धुतलं. मला तेव्हा फार बरं वाटलं.

मध्येच हॉलमधून टाळ्या ऐकू आल्या. मी धावलो.

सगळं आटोपलं होतं. कारखानीस साहेबांच्या हातात एक लांबट लाकडी पेटी होती. फोटो काढणं चाललं होतं. नजीर माझ्याकडं आला, पहिल्यांदाच न हसता.

"मामांचं नाव?" मी विचारलं.

"न्हाई घेतलं. साहेब इंग्रजीत कायतरी बोलला, हिकडंतिकडं बघितलं, कारखानीस साहेबांनी मान हलवली आणि पेटी स्वतः घेतली. तू कुठं मेला हुतास?"

"आणि मामा?"

"हुते की. त्या खांबाजवळ. तू सांगितल्यालं तसं."

परतताना गाडीत मी कारखानिसाच्या सात पिढ्या उद्धारल्या. जाणूनबुजून केलं त्यानं, याआधीपण असंच केलं, सोमवारी जाऊन कॉलर धरतो बघा. मामा खिडकीतून बाहेर बघत होते. "जाऊ दे सर्जा," एवढंच म्हणाले. त्यांना नागावला घरी सोडलं. नोकरीचा शेवटचा दिवस तिथं संपला.

सोमवारी सकाळी मी खरोखरच कॉलर धरायच्या तयारीनं गेलो होतो. पण माझ्या टेबलापाशी केतकी मॅडम उभी होती, ती पेटी हातात घेऊन.

"चौगुले सर, ही सुतार मामांना पोचवाल का? कारखानीस सरांनी दिलीय. ते का आले नाहीत शनिवारी? तब्येत बरी नव्हती?"

"कोण आलं न्हाई?"

"मामा."

"मॅडम, मामा आल्ते! पहिल्यापासनं शेवटपर्यंत हॉलमध्ये होते!"

तिनं पेटी टेबलावर ठेवली. "असं कसं? हॉफमन सर आल्यापासून विचारत होते, पांढऱ्या टोपीवाला माणूस कुठाय म्हणून. सारखे विचारत होते सर. त्यांना नाव आठवत नव्हतं, टोपी आठवत होती. कारखानीस सरांनी मला दोनदा सगळ्या हॉलमधून फिरवलं. मी बाहेर लॉनवर जाऊन आले. तुम्हालाही शोधलं, तुम्ही पण नव्हता. पांढरी टोपी कुठेच नव्हती. मग सरांनी सांगितलं, आले नाहीत."

मी खुर्चीत बसलो.

"ते त्यांच्या रोजच्याच कपड्यांत आले असते तरी चाललं असतं की हो," ती म्हणाली. "मी तुम्हाला म्हटलं होतं ना."

म्हटलं होतं. शब्दन्‌शब्द तेच म्हटलं होतं.

शिफ्ट सुटल्यावर पेटी घेऊन नागावला गेलो. मामा सोप्यात बसून नातवंडाच्या गाडीला चाक बसवत होते. अंगात बंडी, डोकं उघडं. टोपी खुंटीवर होती. मी पेटी पुढं ठेवली. त्यांनी हात पुसले आणि कडी काढली.

आत लाकूड तासायची एक पटाशी होती. जुनी, मूठ हातानं झिजून गुळगुळीत झालेली, पण धार अशी की मामांनी नखावर टेकवून लगेच उचलली. खाली एक फोटो. मामा बाकावर वाकलेत, कोपऱ्यात कातड्याची पट्टी दाबतायत, तोंड अर्धं दिसतंय, आणि फोटोभर दिसतेय ती टोपी. मागं पेनानं इंग्रजीत दोन ओळी होत्या. मामा म्हणाले, "वाच की."

मी वाचलं आणि मराठीत सांगितलं. "पांढऱ्या टोपीवाल्या कारागिरास. माझी सुरुवातही लाकडापासूनच झाली. ही माझी पहिली पटाशी."

मामांनी फोटो उजेडाकडं धरला. मी सगळं सांगून टाकलं. साहेब कसा शोधत होता, मॅडमनं दोन चकरा कशा मारल्या, सगळं. "मामा, तुमच्यापास्नं हातभर अंतरावर हुता तो. तुम्ही त्याला वळखलं न्हाई व्हय?"

"वळखलं की. पाणी द्याय गेलो तवाच वळखलं."

"मग बोलला का न्हाई?"

"तू म्हणालास न्हवं, नाव पुकारल्याबिगार फुडं व्हायाचं न्हाई."

रागानं म्हणाले असते तर मला भांडता आलं असतं. ते साधंच सांगत होते. मामींनी चहा आणून ठेवला. मी त्याला हात लावला नाही.

"चुकलं माझं मामा," मी म्हणालो.

पटाशी त्यांनी पेटीत ठेवली, पुन्हा काढली, मुठीवर अंगठा फिरवला. मग मामींना हाक मारली, "अगं, ह्यो फुटू शेजारी बापूला दाखवून येतो." उठले आणि सवयीनं खुंटीकडं हात नेला. हात टोपीपर्यंत गेला आणि थांबला. त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"सर्जा," ते म्हणाले, "घालू का रं आता?"